सेन्सरचा नळ आणि आमची टाकी: मंगल कार्यालयाच्या नव्या स्वच्छतागृहाविषयी सल्ला हवा आहे

मलप्रभाकाठचा (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावचे मंगल कार्यालय देवस्थानच्या पंच कमिटीकडे आहे आणि लग्नसराई संपली की तेथील जुने स्वच्छतागृह पाडून नवे बांधायचे, असे ठरले आहे. जुन्या बांधकामात चार ओरिसा पॅन (उकिडवे बसायची भांडी), एक सिमेंटची लांब मुतारी आणि तीन पितळी नळ एवढाच पसारा होता. आता एका कंत्राटदाराने कोटेशन दिले आहे, त्यात हात पुढे केला की वाहणारे नळ, माणूस बाजूला झाला की आपोआप धुतली जाणारी मुतारीची भांडी, हात वाळवणारी गरम वाऱ्याची यंत्रे आणि चाहूल लागताच उजळणारे दिवे आहेत. “एअरपोर्टसारखं करून देतो,” हे त्याचे वाक्य कमिटीतल्या तरुण मंडळींना फार आवडले आहे. मला मात्र या वस्तूंची धास्ती वाटते, आणि ती का वाटते हे सांगितल्याशिवाय माझा प्रश्न नीट कळणार नाही.

गेल्या महिन्यात वडिलांना तपासणीसाठी बेळगावातील एका नव्या, चकचकीत रुग्णालयात नेले होते. वडील ७८ वर्षांचे आहेत आणि गुडघ्यांमुळे त्यांना कमोडच लागतो. ते आत गेले आणि मी बाहेर बेसिनपाशी थांबलो. पाच मिनिटे झाली असतील, तोच आतून हाक आली, “लाईट कुणी काढली गा?” दिवा कोणीच घालवला नव्हता. मी दचकून दोन पावले पुढे टाकली, तेव्हा तो आपोआप लागला. थोड्या वेळाने पुन्हा गेला. त्यानंतर वडील बाहेर येईपर्यंत मी त्या बेसिनांसमोर पहारेकऱ्यासारखा येरझारा घालत होतो. मध्येच ते धोतराचा सोगा सावरायला पुढे वाकले आणि फ्लश धो-धो सुटला, सोगा भिजला. बाहेर येऊन हात धुवायला गेले, तर पहिला नळ मुका, दुसऱ्याने चूळ भरण्याइतके पाणी देऊन तोंड फिरवले, आणि तिसऱ्याखाली वडील तीर्थाला धरावी तशी ओंजळ धरून उभे राहिले. शेवटी सफाई करणाऱ्या बाई आल्या आणि म्हणाल्या, “असं न्हवं ओ आजोबा, अजून खाली धरा आणि हलवू नका.” परत येताना गाडीत वडील एवढेच म्हणाले, “पाणी मागायला हात जोडायला लागलेत आता.”

आमची परिस्थिती अशी आहे. पाणी बोअरचे, टाकी स्लॅबवर. लग्नाच्या दिवशी पाचशे-सहाशे माणसे, आणि त्यातली बहुतेक अक्षता पडल्यावर जेवणाच्या आधी एकाच वेळी हात धुवायला येतात. पावसाळ्यात, आणि पुढे तुळशीचे लग्न होईपर्यंत, कार्यालय जवळजवळ बंदच असते. करंट कधी जाईल याचा नेम नसतो. देखभालीला एक नवरा-बायको आहेत, ती दोघे प्रामाणिक आहेत, पण सेन्सर उघडून पाहणे हे त्यांचे काम नव्हे. तेव्हा ही यंत्रे अशी विचित्र का वागतात, आणि आमच्यासारख्या ठिकाणी त्यातले काय घ्यावे व काय टाळावे, हे जाणकारांनी सांगावे. जुने ते सोने म्हणणाऱ्यांची बाजू मला घ्यायची नाही. आमच्या जुन्या मुतारीचा वास वाढप्यांच्या नाकापर्यंत पोचत असे, हेही तितकेच खरे आहे.

वडगावचा नळवाला

अण्णा, मी सव्वीस वर्षे प्लंबिंगचे काम करतो आहे, म्हणून आधी टाकीबद्दलच बोलतो, कारण तुमच्या निम्म्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे.

सेन्सरच्या नळात एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. हात दिसला की विजेने त्यातील छोटी कळ उचलली जाते. पण मुख्य वाट उघडते ती रबराच्या पडद्याच्या दोन बाजूंना पाण्याचा जो दाब असतो, त्यातल्या फरकामुळे. म्हणजे वीज केवळ इशारा देते, काम पाण्याचा दाबच करतो. बहुतेक कंपन्यांच्या कागदावर अशा नळाला साधारण अर्धा बार दाब लागतो असे लिहिलेले असते. आता हिशेब करा. दहा मीटर उंचीच्या पाण्याने एक बार दाब मिळतो. तुमचा स्लॅब बारा फूट, त्यावर टाकीचा कट्टा तीन फूट, आणि नळ जमिनीपासून तीन फुटांवर, असे धरले तर उरली उंची बारा फूट, म्हणजे सुमारे ३.६ मीटर. दाब झाला ०.३६ बार, आणि त्यातूनही पाइपातल्या वळणांत थोडा जातो. टाकी काठोकाठ असताना पडदा कसाबसा उचलेल, आणि टाकी अर्धी झाली की नळ मुका होईल. विमानतळावर असे होत नाही, कारण तेथे नळांच्या मागे प्रेशर पंप बसवलेले असतात. कंत्राटदाराने एअरपोर्टचा नळ कोटेशनात धरला आहे. एअरपोर्टचा पंप धरला आहे का, ते विचारा.

दुसरी गोष्ट गाळाची. प्रत्येक सेन्सर नळाच्या अलीकडे, अँगल कॉकजवळ, म्हणजे नळाला येणारे पाणी बंद करायच्या छोट्या कॉकजवळ, बोटाच्या पेराएवढी एक जाळी असते. मागच्या उन्हाळ्यात एका हॉटेलातून “सगळे सेन्सर जळाले” असा निरोप आला म्हणून गेलो. एकही सेन्सर जळालेला नव्हता. जाळ्या काढून तळहातावर आपटल्या, तर प्रत्येकीतून चिमूटभर तांबडी वाळू आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे पडले. बोअरचे पाणी असेल तर ही जाळी महिन्याला साफ करावी लागते, आणि ती आहे हेच बहुतेक मालकांना कोणी सांगितलेले नसते. तुमच्या वडिलांना चूळभर पाणी देऊन थांबलेल्या नळाचे दुखणे याच दोहोंपैकी एक असणार, किंवा बॅटरी उतरली असणार.

मधला मार्ग म्हणून लोक दाबायचा नळ बसवतात, जो दाबला की काही सेकंद वाहतो आणि स्प्रिंगने आपला आपण बंद होतो. त्यात वेळ मोजण्याचे काम सुईच्या टोकाएवढे एक छिद्र करते. जड पाण्याचा क्षार त्या छिद्रात बसला की नळ बंद व्हायलाच विसरतो आणि मग सेन्सरपेक्षा जास्त पाणी घालवतो. माझे मत विचाराल तर लांब दांड्याचा, कोपराने ढकलता येणारा साधा नळ घ्या. ऑपरेशन थिएटरबाहेर डॉक्टर हात धुतात तो. त्याला वीजही लागत नाही आणि खरकटे हातही लागत नाहीत.

मुतारीच्या आपोआप धुण्याबद्दल बोलायचे तर ती सोय सेन्सरच्या पुष्कळ आधीची आहे. वर भिंतीवर एक सिस्टर्न, म्हणजे पाण्याची छोटी टाकी असते, तिच्यात बारीक धारेने पाणी भरत राहते, ठरावीक पातळी आली की सायफनने ती एकदम रिकामी होते आणि खालची सगळी भांडी धुतली जातात. वीज नाही, बॅटरी नाही, डोळा नाही. लग्नाच्या दिवशी धार मोठी करायची, एरवी कॉक बंद. बिनपाण्याची मुतारी कोणी सुचवली तर मात्र सांभाळून. तिच्यात पाण्याच्या जागी वासाला अडवणारा एक हलका तेलकट द्रव असतो, लघवी त्याच्या खालून निघून जाते. वस्तू चांगली आहे, दिल्लीच्या आयआयटीतही अशा बिनपाण्याच्या मुतारीवर काम झाले आहे. पण आपल्याकडे सफाई म्हणजे बादलीभर पाणी भस्सकन ओतणे आणि वर फिनेल. त्या एका बादलीने तो द्रव वाहून जातो, आणि मग वास असा सुटतो की तुमची जुनी मुतारी बरी वाटेल.

आणखी एक सांगतो, कारण कंत्राटदार हे सांगणार नाही. तुमचे कार्यालय चार-पाच महिने बंद राहते. जमिनीतल्या प्रत्येक जाळीखाली पाण्याचा एक वळसा असतो, तो गटाराचा वास अडवतो. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या भांड्याखालच्या अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले, तेव्हापासून आजतागायत त्याला तोड निघालेली नाही. पण महिनोन्महिने पाणी पडले नाही तर तो वळसा सुकतो आणि वाट मोकळी होते. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतायला सांगा, तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला वऱ्हाडी नाक दाबणार नाहीत. या जाळीखालच्या भांड्याला भारतभरचे प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. दिल्लीच्या दुकानातही हाच शब्द चालतो. आपल्या आज्जीची न्हाणी तिकडे पोचली आहे, हे मला अजून गंमतीचे वाटते.

जुना मास्तर, टिळकवाडी

मी पॉलिटेक्निकमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन शिकवत असे. नळवाल्यांनी पाण्याची बाजू अचूक मांडली आहे, मी डोळ्याची बाजू मांडतो, कारण तुमच्या वडिलांना जे दोन अनुभव आले ते दोन निरनिराळ्या डोळ्यांचे आहेत आणि लोक त्यांना एकच समजतात.

नळाचा आणि फ्लशचा डोळा स्वतः प्रकाश टाकतो. तो आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. समोरच्या वस्तूवर आपटून तो परत आला की यंत्र समजते, कोणीतरी आहे. म्हणून हात अगदी जवळ किंवा तिरपा असला तर परतीचा प्रकाश डोळ्यात पडत नाही. गडद रंग हा प्रकाश कमी परतवतात. काळसर त्वचेच्या हाताला साबण न देणाऱ्या आणि पांढऱ्या कागदाला मात्र तत्परतेने देणाऱ्या एका यंत्राची चित्रफीत २०१७ साली जगभर पाहिली गेली, तिच्यामागचे कारण हेच. उलट, स्टीलचे चकचकीत बेसिन असेल तर नळाला ते बेसिनच हात वाटते आणि तो मध्यरात्री रिकाम्या खोलीत वाहत राहतो. फ्लशच्या डोळ्याला सांगितलेले असते की माणूस काही सेकंद समोर दिसला पाहिजे आणि नंतर दिसेनासा झाला पाहिजे, म्हणजे तो उठून गेला. तुमचे वडील पुढे वाकले तेव्हा त्यांची पाठ त्या किरणाच्या वाटेतून बाजूला झाली, आणि यंत्राने त्यांना घरी पाठवून टाकले. वाकून धोतर सावरणारा माणूस त्या यंत्राच्या कल्पनेतच नव्हता.

दिव्याचा डोळा मात्र काहीच टाकत नाही, तो केवळ पाहतो. माणसाच्या अंगाची ऊब खोलीत एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकली की त्याला कळते. ऊब स्थिर राहिली की त्याच्या लेखी खोली रिकामी. कमोडवर बसलेला माणूस स्थिरच असतो, आणि त्यातून हा डोळा सहसा बेसिनच्या वर छताला असतो, जेथून दाराच्या फळीपलीकडचे त्याला दिसत नाही. येरझारा घालून तुम्ही वडिलांच्या वतीने ऊब हलवत होता, असे म्हणायला हरकत नाही. यावर उपाय सोपा आहे. त्या डबीच्या आत वेळ ठरवण्याची एक बारीक चकती असते. बसवणारा माणूस चाचणी घेण्यासाठी ती सगळ्यात कमी वेळावर ठेवतो आणि तशीच सोडून निघून जातो. ती पंधरा मिनिटांवर फिरवून घ्यावी. आणि निदान एक दिवा तरी साध्या बटणाचा असावाच.

निपाणीची सून

एवढी चर्चा झाली, पण बायकांच्या बाजूला किती संडास धरले आहेत, हा प्रश्न अजून कोणीच विचारला नाही. मलप्रभाकाठचे, तुमच्या पंच कमिटीत किती बायका आहेत, हेही जाता जाता कळवा.

आमच्या भागातल्या बहुतेक कार्यालयांत नकाशावर दोन्ही बाजू सारख्याच असतात आणि इंजिनिअर त्याला न्याय समजतो. पुरुषांच्या बाजूला तेवढ्याच जागेत चार मुताऱ्याही बसतात, म्हणजे प्रत्यक्षात त्यांची सोय दुप्पट होते. शालू नेसलेली, कडेवर मूल आणि हातात पर्स असलेली बाई आत जाऊन बाहेर यायला पुरुषाच्या कितीतरी पट वेळ लावते, यात तिचा दोष नाही. मागच्या वैशाखात नणंदेच्या लग्नात नवरी स्वतः रांगेत उभी होती, आणि बाहेर भटजी “मुलीला आणा” म्हणून ओरडत होते. माझे म्हणणे असे की जागा सारखी देऊ नका, संडासांची संख्या पाहा, आणि बायकांकडे किमान दीडपट तरी ठेवा.

आत गेल्यावरचे सांगते. नव्या कार्यालयांत ग्रॅनाइट असते, बेसिनवर फुलांची परडी असते, पण दाराला आतून खुंटी नसते. पर्स कोठे ठेवायची? ओल्या फरशीवर? मी पर्स दातांत धरून नऊवारीचा काष्टा सावरलेला आहे, आणि हे मी विनोदाने लिहीत नाही. प्रत्येक दाराला दोन खुंट्या, एक खांद्याच्या उंचीवर आणि एक थोडी खाली. झाकणाचा डबा प्रत्येक संडासात हवा, बाहेर एकच नको, कारण नाहीतर सगळे भांड्यात जाते आणि मग तुंबल्याचे खापर बायकांवर फुटते. जेट स्प्रे द्या, पण त्याबरोबर एक नळ आणि मग्गाही ठेवा; स्प्रेचा दाब कधी थेंबाथेंबाचा असतो, तर कधी साडी पाठीपर्यंत भिजवणारा.

कमोडबद्दल. सगळे कमोड करू नका. खेडेगावातल्या बायका सार्वजनिक कमोडवर बसत नाहीत, त्या त्यावर चढून उकिडव्या बसतात, आणि मग पुढच्या बाईला चिखलाचे पाय असलेली सीट मिळते. यावर तोडगा म्हणून पूर्वी अँग्लो-इंडियन नावाचे भांडे निघाले होते, कमोडच्या काठालाच पावले ठेवायच्या जागा असलेले. ते बसायलाही बरे नाही आणि चढायलाही धोक्याचे. मी म्हणेन, तीन ओरिसा पॅन आणि दोन कमोड, आणि कमोडच्या दारावर तसे चित्र. फ्लशला दोन बटणे असतील तर लहान बटण कशासाठी आणि मोठे कशासाठी, हेही चित्रानेच दाखवा. आमच्याकडे सगळे दोन्ही एकदम दाबतात आणि पाणी वाचवण्याचा तो ऑस्ट्रेलियातला १९८० चा शोध वाया जातो.

चौदा वर्षे बंगळुरात

मी मूळचा खानापूरचाच, येथे एका मोठ्या कार्यालयीन संकुलाची देखभाल पाहतो. वरच्या सर्वांचा आदर राखून मला थोडी वेगळी बाजू मांडावीशी वाटते. आमच्याकडे शेकडो सेन्सर नळ आहेत आणि ते चालतात, कारण त्यांच्या जाळ्या आणि बॅटऱ्या यांचे वेळापत्रक भिंतीवर टांगलेले आहे आणि त्यावर रोज सही होते. लग्नात लहान मुले नळ चालू सोडून पळतात, एप्रिलमध्ये बोअर आटते आणि टँकर मागवावा लागतो, हे मी स्वतः पाहिले आहे. अशा ठिकाणी आपोआप बंद होणारा नळ ही चैन नाही. दाब कमी असेल तर लहान प्रेशर पंप बसवावा. दोष यंत्राचा कमी आणि त्याच्यामागे माणूस न ठेवण्याच्या सवयीचा अधिक, असे मला वाटते.

बंगळूरच्या रस्त्यांवर नाणे टाकले की दार उघडणारी पोलादी ई-टॉयलेट बसवली गेली. भांडे आपोआप धुतले जाते, काही जणांच्या वापरानंतर जमीनही आपोआप धुतली जाते. कागदावर त्यात काहीच कमी नाही. पण मी कित्येकदा पाहिले आहे की लोक दारासमोर उभे राहतात, हिरवा-लाल दिवा पाहतात, आत कोंडले जाऊ या भीतीने मागे सरतात आणि शेजारच्या भिंतीकडे वळतात.

वडगावचा नळवाला

बंगळूरकर, तुमच्या भिंतीवर सही करणारा माणूस आहे, हीच तर गोम आहे. बिंदेश्वर पाठकांनी १९७० मध्ये ‘सुलभ’ ही शौचालयांचे काम करणारी संस्था सुरू केली आणि १९७४ मध्ये पाटण्यात पैसे देऊन वापरायचे पहिले शौचालय काढले, तेव्हा त्यांनी दारात यंत्र ठेवले नाही, टेबल टाकून माणूस बसवला. सुट्टे पैसेही तोच देतो आणि बादलीही तोच भरतो. प्रेशर पंपाचे म्हणाल तर करंट गेला की पंप बंद, म्हणजे त्याला जनरेटर जोडा. एका हात धुण्याला किती डिझेल जाळायचे ते कमिटीने ठरवावे. नळ चालू राहतो याचा बंदोबस्त मी असा करतो की नळामागच्या अँगल कॉकचा फेरा निम्मा आवळून ठेवतो. पोराने नळ सताड सोडला तरी धार बारीकच राहते.

परिचारिका, कॅम्प

हात वाळवण्याच्या यंत्राबद्दल थोडेसे, कारण तो विषय कोणी घेतला नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जंतू वाढवण्याच्या बशा स्वच्छतागृहात दोन मिनिटे उघड्या ठेवल्या, तेव्हा सरासरी एखादाच ठिपका उगवला. त्याच बशा वाळवणाऱ्या यंत्राच्या वाऱ्याखाली तीस सेकंद धरल्या, तेव्हा सरासरी १८ ते ६० ठिपके उगवले. यंत्र खोलीतलीच हवा ओढून हातावर मारते, आणि झाकण न लावता केलेल्या फ्लशचे तुषार त्या हवेत असतात. चांगली गाळणी बसवली की प्रमाण पुष्कळ घटते, पण स्वस्त यंत्रात गाळणी नसते. सहाशे माणसे रांगेत असताना प्रत्येकाने अर्धा मिनिट वाऱ्याखाली उभे राहायचे, हेही जमणारे नाही. आपल्याकडे धोतराचा सोगा, पदर आणि खिशातला रुमाल ही व्यवस्था आहे, ती पुरेशी आहे. वाचलेले पैसे साबणावर खर्च करा. बहुतेक कार्यालयांत यंत्र असते आणि साबण नसतो.

संकेश्वर नाक्यावरून

मला पाटीबद्दल बोलायचे आहे. महामार्गावरच्या एका नव्या हॉटेलात माझ्या मामांनी दहा मिनिटे दोन दारांमध्ये काढली. एका दारावर टोपी होती, दुसऱ्यावर पंखा, हाताने वारा घेतात तसला. मामा चंदगडकडचे, टोपी रोज घालणारे, पण ती गांधी टोपी. दारावरची टोपी साहेबाची होती. पंखा पाहून त्यांना वाटले की तेथे हवेशीर असेल. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी जपान्यांनी परदेशी पाहुण्यांना भाषा येणार नाही म्हणून साधी चित्रे बनवली, आणि आज आपण त्याच चित्रांची इतकी नक्षी केली आहे की भाषा येणाऱ्यालाही ती कळू नयेत.

आपल्या भागात लिपीचाही प्रश्न आहे. ‘शौचालय’ हा शब्द कन्नड आणि मराठीत एकच आहे, तेवढ्यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे असे आम्ही थट्टेने म्हणतो. पण पुढे जुन्या पाट्यांवर ‘गंडसरु’ आणि ‘हेंगसरु’, नव्यांवर ‘पुरुषरु’ आणि ‘महिळेयरु’, आणि हे सगळे कन्नड अक्षरांत. वऱ्हाड कोल्हापूरकडून आले की ते अक्षर मोजत बसते. तुमच्या लग्नांना दोन्हीकडची माणसे येतात. दोन्ही लिपी मोठ्या अक्षरांत लिहा, खाली पातळ-धोतराचे साधे चित्र काढा आणि दारे दोन वेगळ्या रंगांत रंगवा. पाटी दारावर नको, दाराशेजारच्या भिंतीवर लावा, कारण दार उघडे असले की पाटी आत जाते.

मलप्रभाकाठचा (खानापूर तालुका)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. काल रात्री पंच कमिटीची बैठक झाली आणि हे सगळे मी मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवले. निपाणीच्या वहिनींना कळवतो की कमिटीत अकरा पुरुष आहेत आणि बाई एकही नाही; प्रश्न वाचल्यावर थोडा वेळ सगळे पंख्याकडे पाहत होते. मग अध्यक्षांनी शाळेच्या बाईंना आणि वाढप करणाऱ्या दोघींना घरून बोलावून घेतले, आणि पुढचा तासभर आम्ही बहुतेक ऐकतच होतो.

नळ कोपराने ढकलायचे ठरले. मुतारीला सायफनची सिस्टर्न, वाळवणारी यंत्रे रद्द. दिव्यांत तरुणांचे मन राखले आहे, चाहुलीचे दिवे फक्त बाहेरच्या व्हरांड्यात, आत बटणे. एका सेन्सर नळाचा आग्रह बंगळूरकरांच्या चुलतभावाने सोडला नाही, तो नवरा-नवरीच्या खोलीत बसेल आणि त्याची जाळी साफ करण्याची जबाबदारी त्याने स्वतः घेतली आहे. बायकांकडे सहा संडास, पुरुषांकडे चार. त्याखेरीज व्हीलचेअर जाईल असा एक, नव्वद सेंटिमीटरच्या दाराचा, भिंतीला धरायच्या दांड्या असलेला. आणि त्यात झाडू-बादल्या ठेवायच्या नाहीत असे ठरावातच लिहिले, कारण तालुक्याच्या एका इमारतीत तसल्या संडासाला बाहेरून कुलूप आणि आत मांडवाच्या खुर्च्या आम्ही सर्वांनी पाहिल्या आहेत.

कंत्राटदार आज सकाळी आला होता. सेन्सर कापल्यामुळे त्याचे तोंड जरा उतरले, पण त्याने नवे कोटेशन लिहायला घेतले. खुंट्यांपाशी येऊन तो थांबला आणि म्हणाला, “ह्या तर मी कधी धरतच नाही ओ, किती लिहू?” वाढपवाल्या मावशी ताटे मोजत बसल्या होत्या, त्यांनी मान वर न करता सांगितले, “बावीस. आणि पितळेच्या लाव, प्लास्टिकच्या पहिल्याच लग्नात मोडत्यात.”